डॉल्बी बंद करा, पण गाणं ऐका

पहिल्यांदा ते गाणं कानावर पडलं तेव्हा अर्ध्या मिनिटात मी हेडफोन काढून भाच्याच्या हातात दिला होता. "अरे, पत्रा घासल्यासारखं वाजतंय हे," मी म्हटलं. तो म्हणाला, "मामा, आवाज जरा बारीक करा आणि शेवटपर्यंत ऐका की. पत्रा कुठंच नाही त्यात."

गाणं होतं 'व्रूम व्रूम'. चार्ली एक्ससीएक्स ही इंग्लंडची गायिका, आणि सोबत ध्वनी घडवणाऱ्या सोफी, ग्लासगोत जन्मलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतकार. 2016 च्या फेब्रुवारीत, त्याच नावाच्या चार गाण्यांच्या छोट्या संचात ते आलं. सुरुवातीला गाणं असं नाहीच. खाली रबरासारखा ताणला जाणारा, घसरणारा बेस, मध्ये मोकळ्या जागा, आणि त्यावर तालात बोललेले शब्द. मग काही सूचना न देता सगळं थांबतं आणि एक गोड, तरंगती चाल सुरू होते, जणू दुसऱ्याच गाण्याचं दार उघडलं. आपण तिच्यात जरा विसावतो न विसावतो तोच ते दार आपटून बंद होतं आणि पुन्हा तो लोखंडी ठेका. माझ्यासारख्या पेटीवर वाढलेल्या माणसाला पहिल्या वेळी ही जोडणी उद्धट वाटली. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की ठेक्यातल्या त्या मोकळ्या जागा मोजून ठेवलेल्या आहेत. चांगला तबलजी जिथे हात उचलतो तिथे त्या आहेत.

या गाण्याचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय माझा मुद्दा नीट मांडता येणार नाही. चार्लीची तेव्हाची ओळख म्हणजे रेडिओवर दिवसभर वाजणारी गाणी. 2014 साली तिचा सहभाग असलेलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. लोकांनी तिच्याकडून तसंच पुढचं गाणं गृहीत धरलं होतं आणि हाती हे आलं. पिचफोर्क या अमेरिकेतल्या वजनदार संगीत-प्रकाशनाने त्या संचाला 10 पैकी 4.5 गुण दिले. पाच वर्षांनी, ऑक्टोबर 2021 मध्ये, त्याच प्रकाशनाने आपल्या काही जुन्या परीक्षणांचा फेरविचार केला, तेव्हा हा आकडा 7.8 झाला. गाण्यातला एकही ठोका मधल्या काळात बदलला नव्हता. बदलले होते ते कान. या प्रकारच्या ध्वनीला तोवर 'हायपरपॉप' असं नाव मिळालं होतं, त्यावर एक पिढी वाढली होती. पुढे 2024 सालच्या 'ब्रॅट' या अल्बमने चार्लीला जगभर नेलं आणि 2025 च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला नृत्य व इलेक्ट्रॉनिक विभागातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला.

सोफी यांना यातलं काही पाहता आलं नाही. जानेवारी 2021 मध्ये अथेन्समध्ये उंचावरून घसरून पडल्याने वयाच्या 34 व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. गुणांची दुरुस्ती त्यानंतर आठ महिन्यांनी आली. ही गोष्ट मला फार लागते. समीक्षकाने मत बदलावं यात वाईट काही नाही, उलट ते मोठेपणाचंच आहे. पण ज्याच्या कामाला 'हे काय भलतंच' म्हणून बाजूला सारलं, तो माणूस दुरुस्ती ऐकायला असायला हवा होता.

आता कोल्हापुरात येतो.

आमचं घर महाद्वार रोडपासून दूर नाही. गणपती विसर्जनाची मुख्य मिरवणूक मिरजकर तिकटीहून निघते, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश असा तिचा रस्ता. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी ती संपलेली नसते. आई 82 वर्षांची आहे. मागच्या काही वर्षांत मिरवणुकीच्या रात्री आम्ही कपाटातली काचेची भांडी काढून जमिनीवर सतरंजीत गुंडाळून ठेवतो. एका रात्री आई अंथरुणात उठून बसली आणि छातीवर हात धरून म्हणाली, "बाळ, गाणं कुठलं लावल्यात रे? नुसतं धप धप ऐकू येतंय." मी तक्रारीला फोन केला. पलीकडच्या माणसाने पत्ता लिहून घेतला, पुढे काही झालं नाही.

तर डॉल्बीच्या विरोधात जे बोलतात त्यांच्यात मी आहे, आणि आधी हे स्पष्ट करतो. कोल्हापुरात 'डॉल्बी' म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रचलेली बॉक्सांची भिंत. रे डॉल्बी यांनी 1965 साली लंडनमध्ये ज्या नावाने कंपनी काढली तिचा या भिंतींशी काही संबंध नाही. त्यांचं पहिलं नावाजलेलं काम तर टेपवरची खरखर कमी करण्याचं होतं. पण नाव रस्त्यावर रुळलं आहे, तेव्हा मीही तेच वापरतो.

माझं म्हणणं पुढच्या पावलाबद्दल आहे. डॉल्बीवर बोलायला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आवाजाची पातळी सोडून आवाजाच्या जातीवर येतो. 'हे कसलं संगीत', 'यंत्राचा धिंगाणा', 'पोरांना नादी लावलंय', 'आपली हलगी कुठे आणि हे कुठे'. टाळ्या इथे पडतात. डेसिबलवर कुणी टाळी देत नाही. मग सगळ्यांच्या मनात पक्कं बसतं की त्रास होतो तो या प्रकारच्या संगीताने. मला हे चूक वाटतं, आणि या चुकीची किंमत आमच्याच गल्लीतली मुलं मोजत आहेत.

कायदा काय म्हणतो ते पाहा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली पक्कं केलं. सणांसाठी राज्य सरकारला वर्षातून मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. या सगळ्यात वाद्य चांगलं की वाईट असा शब्द कुठेही नाही. पन्नास ढोल एका बोळात घातले तर तेही मर्यादेबाहेरच जातात. मीटरला हलगी आणि सिंथेसायझर यांतला फरक कळत नाही आणि कळूही नये.

डेसिबलचं गणित लोकांना फसवतं, म्हणून दोन ओळी त्यावर. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दर 10 ला दहापट. म्हणजे 85 वरून 95 वर जाणं ही 'थोडी वाढ' नसते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की 85 डेसिबलमध्ये माणसाने दिवसात आठ तासांहून अधिक राहू नये, आणि पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. 100 डेसिबलला ती जेमतेम 15 मिनिटांवर येते. बॉक्सांच्या भिंतीसमोर चार-पाच तास नाचणाऱ्या पोराच्या कानाचं काय होतं हे सांगायला वेगळ्या डॉक्टरची गरज नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या कानात शिट्टी वाजत असते, आणि तो ते मित्रांना कौतुकाने सांगतो.

पण आईचा प्रश्न अजून उरला आहे. गाणं कुठलं लावलंय?

खालच्या पट्टीचा आवाज भिंतीतून आरपार येतो, वरच्या पट्टीचा भिंतीत अडतो. त्यामुळे रस्त्यावर काहीही वाजत असो, घरात पोचतो तो फक्त धपका. शब्द, चाल, बारीक वाजणारं सगळं बाहेरच राहतं. त्यात रस्त्यावरच्या सिस्टीमचा अँप्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे ताणलेला असतो. ध्वनीलहरीचे वरचे माथे कापले जातात, बेस फाटतो आणि सगळी गाणी एकसारखी ऐकू येतात. कोल्हापुरातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांनी इलेक्ट्रॉनिक संगीत असंच ऐकलं आहे: भिंतीपलीकडून, फाटलेलं, रात्री दोन वाजता, झोपमोड झालेली असताना. त्यावरून त्यांनी या संगीताचं मत बनवलं. शेजारच्या बंद खोलीत कुणीतरी कर्णा लावून भीमपलास वाजवला असता आणि आम्ही रागसंगीताबद्दल मत बनवलं असतं, तर ते जसं झालं असतं तसंच हे.

भाच्याने मला आवाज बारीक करायला सांगितलं होतं, हे म्हणूनच माझ्या लक्षात राहिलं. बावीस वर्षांचा मुलगा, लॅपटॉपवर गाणी बनवणारा, आणि त्याची पहिली सूचना आवाज कमी करण्याची. बारीक आवाजात त्या गाण्यातला पोत ऐकू येतो. सोफी यांची पद्धत अशी होती की तयार ध्वनिनमुने उचलण्याऐवजी यंत्रातल्या साध्या लहरींना वळवून, पिळून आवाज घडवायचे: रबराचा, बुडबुड्याचा, ताणलेल्या प्लास्टिकचा, धातूचा. वस्तू नाही, पण तिचा स्पर्श आहे. हे काम मोठ्या आवाजात मरतं. दर्जेदार इलेक्ट्रॉनिक संगीताचा पहिला शत्रू डॉल्बीची भिंत आहे, आणि हे त्या संगीतावर प्रेम करणाऱ्यांनीच सर्वांत आधी म्हणायला हवं. ते म्हणत नाहीत, ही माझी त्यांच्याबद्दलची तक्रार.

'यंत्राला जीव नसतो' हा आक्षेप मी लहानपणापासून ऐकतोय, कारण मी पेटी शिकलो. माझे गुरुजी सांगायचे की पेटीवाल्याने आधी स्वतःच्या वाद्याची मर्यादा मान्य करावी, मग तोंड वर करावं. पेटी म्हणजे पॅरिसमध्ये 1842 साली पेटंट झालेलं वाद्य. सूर ठोकून बसवलेले, एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारायची, मींड म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं नाही, श्रुती म्हणजे स्वरांमधले बारीक सूर नाहीत. याच कारणावरून 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971 सालापर्यंत चालली. तीस वर्षं! त्या काळात ही बंदी घालणारे आणि तिला पाठिंबा देणारे लोक अडाणी नव्हते. संगीतावर जिवापाड प्रेम करणारे होते. त्यांचा तांत्रिक मुद्दाही खरा होता. तरीही ते चुकले, कारण वाद्याला काय जमत नाही याची यादी त्यांनी केली आणि वाजवणाऱ्याने त्यातून काय काढलं ते ऐकायचं राहून गेलं.

ऐकायचं असतं तर कोल्हापूरला यायला हवं होतं. गोविंदराव टेंबे याच मातीतले. पेटीवर गळ्यासारखं वाजवणारा माणूस अशी त्यांची ख्याती. 1911 सालच्या 'मानापमान'च्या चाली त्यांनी बांधल्या. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात 1929 साली निघाली, तिच्या 1932 सालच्या 'अयोध्येचा राजा'चं संगीत त्यांचं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. बोलपट हे तेव्हा कालचं पोर होतं. रंगभूमीवर नाव कमावलेला माणूस त्या नव्या यंत्रासमोर जाऊन गायला उभा राहिला. आणि अल्लादिया खाँसाहेब? शाहू महाराजांच्या दरबारात राहून त्यांनी या गावात जी गायकी रुजवली तिच्यातले अनवट राग आणि गुंतागुंतीच्या ताना सामान्य श्रोत्याला आजही सहज पेलत नाहीत. तारुण्यात त्यांचा मूळचा आवाज गेला आणि उरलेल्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांना घडवावी लागली, असं जाणकार सांगत आले आहेत. ज्या गावाने एवढं अवघड गाणं आपलं म्हटलं, त्या गावाचा कान आळशी आहे असं मी कधीच मानणार नाही. म्हणूनच मला या विषयावर लिहावंसं वाटलं.

मींडेवरून आठवलं. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग या हिंदी चित्रपटसंगीतात वादन करणाऱ्या कलावंताने जपानच्या रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले: ललत, भूप, तोडी, यमन वगैरे. त्यातलं टीबी-303 हे यंत्र बेस गिटारची नक्कल करायला बनवलेलं, पण नक्कल काही जमली नाही आणि काही वर्षांत त्याचं उत्पादन बंद पडलं. त्या यंत्रात एक सोय होती: एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची. जे पेटीला जमत नव्हतं आणि ज्यापायी पेटी तीस वर्षं आकाशवाणीच्या दाराबाहेर बसली, ते या यंत्राला जमत होतं. चरणजित सिंग यांनी ते ओळखलं. तबकडी निघाली आणि विकली गेली नाही. पाच वर्षांनी, 1987 साली, शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्राचा पिळवटणारा आवाज वापरून एक तबकडी काढली आणि तिच्यातून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा प्रवाह सुरू झाला. युरोप त्यावर नाचला. चरणजित सिंग यांची तबकडी 2010 साली नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कपाळाला हात लावला की मुंबईत हे आधीच झालं होतं. त्यानंतर म्हातारपणी त्यांना परदेशात कार्यक्रम मिळाले. 2015 साली ते गेले. अठ्ठावीस वर्षं ते काम आपल्या घरात धूळ खात पडलं होतं आणि ते उचलायला बाहेरचा माणूस यावा लागला.

आता जरा अवघड गोष्ट. आवाजाबद्दलचा तिटकारा पुष्कळदा आवाज करणाऱ्याबद्दलचा असतो.

12 जुलै 1979 या दिवशी शिकागोतल्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, एका रेडिओ निवेदकाने लोकांकडून गोळा केलेल्या डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या. गर्दी मैदानात घुसली, दुसरा सामना झालाच नाही. डिस्को हे कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि समलिंगी लोकांच्या नाचघरांतून वर आलेलं संगीत. विन्स लॉरेन्स नावाचा कृष्णवर्णीय मुलगा त्या दिवशी मैदानात लोकांना जागा दाखवायच्या कामावर होता. त्याने पुढे सांगितलं की लोक ज्या तबकड्या घेऊन आले त्यांतल्या कितीतरी डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या. तोच विन्स लॉरेन्स काही वर्षांनी त्याच शहरात 'हाउस' संगीताच्या सुरुवातीच्या निर्मात्यांपैकी एक झाला.

आपल्याकडे हे झालेलं नाही असं कुणी म्हणू नये. आज आम्ही 'आपली हलगी' असं छाती फुगवून म्हणतो. खासबागेत कुस्ती लागली की हलगी-घुमकं-कैताळ कडाडतं आणि अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण हलगी वाजवणारा मातंग समाजातला माणूस या जिल्ह्यात कुठे बसायचा, पाणी कुठून प्यायचा, हे ज्यांच्या आजोबांना माहीत होतं त्यांनी 'आपली' हा शब्द जपून वापरावा. मिरवणुकीत तो सर्वांत पुढे आणि पंगतीत सर्वांत शेवटी, तोही बाहेर. त्याच्या वाद्याला तेव्हा कुणी 'वारसा' म्हणत नव्हतं. बेंजो पार्टीचंही तेच झालं. मूळचं जपानी वाद्य, आपल्याकडे वीज जोडून वरातीत आलं, आणि चांगल्या घरातले लोक नाक मुरडायचे. आज त्याच बेंजोची आठवण काढून लोक हळहळतात.

डॉल्बीपुढे नाचणारी मुलं कोण असतात? तालमीतली, वस्तीतली, कारखान्यात तिन्ही पाळ्या करणारी, वर्षभर कुणी 'तुला काय ऐकायला आवडतं' असं न विचारलेली. त्यांना आवाज कमी करायला सांगण्याचा मला पूर्ण हक्क आहे. माझ्या आईच्या छातीसाठी तो हक्क मी सोडणार नाही. पण 'तुमची आवडच हलकी' हे सांगण्याचा हक्क मला नाही, आणि ते सांगितल्यावर तो मुलगा पहिली गोष्टही ऐकत नाही. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. आमच्या गल्लीतल्या एकाला मी बेस कमी करायला सांगितलं तेव्हा तो तयार होत होता. माझ्या शेजाऱ्याने मध्ये तोंड घालून "हे गाणं हाय का काय हाय" म्हटलं आणि त्याने आवाज वाढवला.

भाच्याबद्दल सांगायचं राहिलं. त्याने दोन वर्षांपूर्वी एक ट्रॅक केला. तालमीजवळ एक वस्ताद हलगीवाले राहतात, त्यांच्याकडे तो पंधरा दिवस जात होता. हलगी शेकण्याआधी कशी वाजते, शेकल्यावर कशी, जाड टिपरू कडेला लागलं तर काय, बारीक काडी मध्ये पडली तर काय, सगळं त्याने वेगवेगळं ध्वनिमुद्रित केलं. मग लॅपटॉपवर त्या कातड्याच्या आवाजाला ताणून ताणून त्याने त्यातूनच एक बेस काढला. पहिल्या दोन मिनिटांत हलगी ओळखूच येत नाही. एक जड, ओली सावली सरकत असते. मग हळूहळू ती सुकते, तापते, आणि शेवटी खरी हलगी कडाडते. गार कातडं शेकोटीवर धरल्यावर जे होतं तेच त्याने साडेचार मिनिटांत मांडलं होतं. वस्तादांना ऐकवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पुन्यांदा लाव."

हा ट्रॅक त्याने एका स्पर्धेत दिला. परीक्षकांनी दीड मिनिटात थांबवला. शेरा असा की हे संगीत नाही, ध्वनिप्रदूषण आहे. खोलीत स्पीकर दोन होते आणि आवाज बोलण्याइतकाच होता. हलगी येईपर्यंत कुणी थांबलंच नाही. त्या परीक्षकांचा मला राग आला, पण नंतर वाटलं की तेही आमच्यासारखेच, मिरवणुकीच्या रात्री काचेची भांडी सतरंजीत गुंडाळणारे असतील. घासणारा बेस ऐकला की त्यांना रस्त्यावरचा ट्रॉलीवाला दिसत असणार. डॉल्बीने त्यांचे कान आधीच घाबरवून ठेवले होते. सांगायचं ते हेच की बॉक्सांच्या भिंतीने आमची झोप नेली आणि तिच्यासोबत एका अख्ख्या संगीतप्रकाराचं ऐकणंही नेलं.

या प्रकारातलं बरंचसं टाकाऊ आहे, हे मान्य. कुठल्याही भक्तिगीताच्या गळ्यात तोच एक ठेका बांधायचा, मध्ये चार सेकंद शांतता आणि मग धडाम, असे शेकडो ट्रॅक दर हंगामात येतात आणि जातात. पण नाट्यसंगीताच्या भरभराटीत किती पडेल नाटकं आली, चित्रपटगीतांत किती उसनवारी झाली? आपण त्या काळाची आठवण उत्तम गाण्यांनी करतो. इलेक्ट्रॉनिक संगीताचं माप तेवढं आपण सर्वांत वाईट नमुन्याने घेतो.

'बटण दाबलं की गाणं तयार' असं म्हणणाऱ्यांसाठी: 1977 साली म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी गायिका डॉना समरचं 'आय फील लव्ह' केलं. गळा आणि पायाच्या ड्रमचा ठोका वगळता सगळं मूग सिंथेसायझरवर. ते यंत्र तापलं की बेसूर व्हायचं, म्हणून थोडं थोडं ध्वनिमुद्रण करून पुन्हा सूर लावायचा आणि पुढे जायचं. तबला उतरला की हातोडी घेऊन बसणाऱ्या माणसाला हे कष्ट वेगळे सांगायला नकोत. आणि अमेरिकेत ते गाणं आधी तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं.

तर करायचं काय? पातळीबाबत मुळीच सवलत नको. प्रत्येक सिस्टीमला लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारं यंत्र, बसवा, त्याला सील करा, मीटर घेतलेला माणूस मिरवणुकीच्या आधी उभा करा. मिरवणूक संपल्यावर गुन्हे नोंदवून आईची रात्र परत येत नाही. हलगी असो, ढोल असो, नाही तर बॉक्स, माप एकच. आणि त्याच वेळी या संगीताला बसायला जागा द्या. शाहू स्मारक भवनात वर्षाला किती कार्यक्रम होतात; त्यात एक संध्याकाळ या मुलांना देऊन बघावी. खुर्च्या मांडलेल्या, आवाज आटोक्यात, ट्रॅक कसा बनवला ते मुलाने दहा मिनिटं सांगायचं, मग सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकायचं. देवल क्लबच्या बैठकीत गवई रंगायला अर्धा तास घेतो आणि आपण थांबतो. केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा सगळं कोल्हापूर रडलं. शाहू महाराजांनी 1915 साली ते पॅलेस थिएटर म्हणून उभारलं, ते त्या वेळच्या नव्या नाटकांसाठी, नव्या चालींसाठी. नव्याने उभ्या राहणाऱ्या नाट्यगृहात या मुलांसाठी वर्षाला एक तारीख असावी, एवढी माझी मागणी आहे.

गल्लीत हे सोपं नाही, मला माहीत आहे. मागच्या वर्षी मंडळाच्या पोरांपुढे मी दोन बॉक्सचा विषय काढला, तर एक जण म्हणाला, "काका, शेजारच्या गल्लीत आठ बेस आणल्यात. आम्ही दोनावर नाचायचं व्हय?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इरेला पेटलेल्या पोराला आरोग्याचे आकडे पटत नाहीत. भाचा तेव्हा मागे उभा होता. तो म्हणाला, "आठ बेसवर त्यांचं गाणं कळतंय का कुणाला? आपलं दोनावर कळंल." त्या पोराने मान हलवली नाही, पण वादही घातला नाही.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. मी ध्वनी मोजायचं मीटर घेऊन जाणार आहे. भाचा तो हलगीचा ट्रॅक आणणार आहे, आणि वस्ताद म्हणालेत की ते स्वतः येऊन बसतील.